साठावं नाव

२ जानेवारी, गुरुवार. सकाळी ९

नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प एकच. जे काम हातात घेईन ते त्याच दिवशी संपवीन. (वर्ष कालच सुरू झालं, पण काल वही आणायची राहिली.)

पहिलं काम कालच्या मीटिंगमध्ये गळ्यात पडलं. गळ्यात कसलं, अभिमानाने घेतलं. माजी सैनिक संघाच्या मीटिंगला आबा उभे राहिले आणि पन्नास माणसांत म्हणाले, "आमचा जयराज कॉम्प्युटरवाला हाय. त्यो करंल." सुभेदार लालासाहेब काटकर, रिटायर्ड, यांनी पोटच्या पोराचं नाव चारचौघांत घेतल्याची पस्तीस वर्षांतली पहिलीच वेळ. माझे कान गरम झाले.

काम किरकोळ आहे. २६ जानेवारीला वाडीच्या चौकात सैनिक स्तंभ बसवायचाय. वाडीतले जे फौजेत नोकरी करून आले आणि आता हयात नाहीत, त्यांची नावं काळ्या दगडावर. नावं एका जुन्या डेटाबेसच्या फाईलमध्ये आहेत. संघाच्या क्लार्कने वीस वर्षांपूर्वी टाइप केली होती. क्लार्क गेला, फाईल पेन ड्राइव्हमध्ये राहिली. मी माझ्या डेव्हलपमेंट टूलला ती फाईल जोडायची, यादी काढायची, फलटणच्या रविराज पाथरवटाला पाठवायची. दहा मिनिटं. चहा घेऊन बसतो.

सकाळी ११.३०

टूल म्हणतं, ड्रायव्हर सापडला नाही. किरकोळ. ड्रायव्हर डाउनलोड केला, टाकला.

दुपारी २

टूल म्हणतं, ड्रायव्हर सापडला नाही.

जेवलो.

३ जानेवारी, शुक्रवार

लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला. अँटिव्हायरस काढून टाकला. ड्रायव्हर काढून परत टाकला. लाईट गेली, हे एक बरं झालं. संध्याकाळी आबा ओसरीवर ताठ बसून म्हणाले, "रिपोर्ट?" मी म्हणालो, नव्वद टक्के. आबांनी मान हलवली. नव्वद टक्के कशाचे ते त्यांनी विचारलं नाही.

४ जानेवारी, शनिवार

दोष माझा नाही हे आज पुराव्यानिशी सिद्ध झालं. विंडोजच्या यादीत ड्रायव्हर दिसतो! ढळढळीत दिसतो. तरी टूलला दिसत नाही. म्हणजे टूल आंधळं आहे. स्क्रीनशॉट काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

ग्रुपमधली शिवांजली, आष्ट्याहून काम करते, माझी ज्युनियर. तिने लगेच लिहिलं की सर, बिट बघितले का? टूल चौसष्ट बिटचं असेल आणि ड्रायव्हर बत्तीसचा, तर दोघं एकाच मशीनमध्ये राहूनही एकमेकांना दिसत नाहीत. चौसष्टचा ड्रायव्हर टाकून बघा.

मी उत्तर दिलं, "बेसिक गोष्टी तपासून झाल्यात."

झाल्या नव्हत्या. पण बारा वर्षं अनुभवाच्या माणसाने दोन वर्षं अनुभवाच्या पोरीचं ऐकून ग्रुपवर थँक्यू लिहायचं? उद्या गुपचूप बघीन.

६ जानेवारी, सोमवार

बघितलं नाही. आज सुलाकाकी आली होती. माळावरच्या वस्तीवरची, जोतीराम कोकऱ्यांची बायको. पदराखाली हुरड्याचं गाठोडं आणि एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत जोतीरामकाकांचं डिस्चार्ज बुक.

काका फौजेत खेचरं घेऊन असायचे. वर बर्फात रस्ता नाही तिथं खेचरांवरून जवानांचं राशन पोचवायचं. क्लार्कने त्यांना यादीत घेतलंच नव्हतं. ग्रामपंचायतीच्या बोर्डावरही नाव नाही. खेचरामागनं चालणारा कसला शिपाई, असं तेव्हा लोक म्हणाले म्हणे. काकी म्हणाली, "अठरा वर्सं बर्फात काढली त्यानी. पायाची दोन बोटं तितंच ऱ्हायली. मला पेन्शीलीनं लिव्हल्यालं नगं बाबा, दगडावर पायजे. करशील न्हवं?"

आबांनी डिस्चार्ज बुक दोन्ही हातांनी घेतलं, पान न् पान वाचलं. "शिपाई म्हंजे शिपाई. नाव घाल, जयराज." लगेच रविराजला फोन. क्लार्कच्या फाईलीत एकोणसाठ, हे एक, साठ ओळींचा दगड घे.

मी काकीला शब्द दिला. हुरडा गोड होता.

८ जानेवारी, बुधवार

काकी परत आली. नाव घातलं का? मी सांगितलं, ड्रायव्हर सापडत नाही. ती घाबरली, तेव्हा नीट समजावलं, की माझ्या टूलला त्या फाईलची भाषा येत नाही, मध्ये एक पोचवणारा लागतो, हिकडचं तिकडं नेणारा. तो मशीनमध्ये आहे, पण टूल म्हणतंय नाहीच.

काकीने वाकून लॅपटॉप बघितला. मग म्हणाली, "म्हंजे खेचरवालाच की रं. हाय, पर कुनाला दिसत न्हाय."

मी खिडकीबाहेर बघितलं. मग लॅपटॉप परत चालू-बंद केला.

१० जानेवारी, शुक्रवार. दुपारी १

लॅपटॉप फॉरमॅट करून टाकला. मुळावरच घाव. ऑफिसला ताप आहे असं कळवलं.

दुपारी ४

फॉरमॅटमध्ये ऑफिसचं आठवड्याचं काम गेलं. आता खरंच कणकण वाटते आहे.

दुपारी ५.३०

ड्रायव्हर सापडला नाही.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, वर लोणी. जेवताना संयोगिता म्हणाली, अहो, आबांच्या ट्रंकेत रजिस्टर आहे की, सगळी नावं त्यांच्या हातची. एकोणसाठ नावं म्हणजे माझ्या दुसरीच्या वर्गाचा हजेरीपट. मी अर्ध्या तासात लिहून देते.

मी हसलो. शिक्षकांचं असंच असतं. तिला शांतपणे सांगितलं, की हाताने लिहिताना चुका होतात. सिस्टिममधून आलेल्या यादीत चूक होत नाही.

ती म्हणाली, बरं. तिचं बरं मला आवडत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सुलाकाकी तिळगूळ घेऊन आली. मी गोठ्याच्या मागच्या दाराने बाहेर पडलो. अर्धा तास कडब्याच्या गंजीआड उभा होतो. पस्तिशीचा सीनियर डेव्हलपर, अंगाला कडब्याची कुसळं. आलो तर टेबलावर वाटीत तिळगूळ झाकून ठेवलेला. काकीचा निरोप, "गडबडीत असंल पोरगं, माज्या कामात."

लाज वाटली. तिळगूळ खाल्ला.

१५ जानेवारी, बुधवार

सैन्य दिन. आबांनी मेडल घालून झेंड्याला सलामी दिली. मी पडद्याआडून बघितलं.

मला आबांसमोर उभं राहायला कसं तरीच होतं, त्याचं कारण या वहीत लिहायला हरकत नाही. सांगलीच्या भरतीत मी सोळाशे मीटरला तिसऱ्या राउंडला थांबलो. बुटाची लेस सुटली म्हणून. आबा कुंपणाबाहेर उभे होते. घरी येताना एसटीत एक शब्द बोलले नाहीत. लेस सुटल्यावर माणूस काय करणार?

रविराजचा फोन. कोरायला आठवडा लागतो, शनिवारी यादी आली न्हाय तर माज्या नावानं बोंब मारू नका. आबांचं संध्याकाळचं, "रिपोर्ट?" मी म्हणालो, पंच्याण्णव टक्के.

१६ जानेवारी, गुरुवार. सकाळी १०.१५

दारं-खिडक्या लावून, फोन सायलेंट करून, शिवांजलीचा मेसेज परत उघडला. टूल बघितलं, चौसष्ट बिट. ड्रायव्हर बघितला, बत्तीस. चौसष्टचा ड्रायव्हर टाकला.

सकाळी १०.१९

सापडला!! फाईल उघडली. एकोणसाठ नावं, हुद्दे, पलटणी, सगळं. चौदा दिवसांच्या माझ्या पद्धतशीर अभ्यासाचं हे फळ. शिवांजलीला कळवायची गरज नाही, तिला वाईट वाटेल.

सकाळी ११

फाईल नुसती वाचता येते की तिच्यात लिहिताही येतं, हे तपासणं प्रोफेशनल माणसाचं काम. त्यासाठी एक नाव घालून बघायला हवं. जोतीरामकाकांचंच घातलं असतं, पण डिस्चार्ज बुक आतल्या कपाटात होतं, उठायचा कंटाळा आला. म्हणून सहज सुचलं ते टाइप केलं.

शिपाई जयराज लालासाहेब काटकर.

गेलं की आत. साठावं. वर एकोणसाठ शिपाई, हवालदार, नायक आणि खाली मी. आबांच्या फाईलीत. स्क्रीनकडे बराच वेळ बघत बसलो. डिलीटवर बोट ठेवलं होतं, मग म्हटलं राहू दे आजचा दिवस. कुणाचं काय जातंय? उद्या काढतो.

आबांना सांगितलं, शंभर टक्के. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाच सेकंद तरी असेल.

१७ जानेवारी, शुक्रवार

कपाटातून डिस्चार्ज बुक काढलं, जोतीरामकाकांचं नाव घातलं. शिपाई जोतीराम कोकरे. तोंडाने दोनदा वाचून, स्पेलिंग तपासून. काकीला वस्तीवर निरोप धाडला, नाव लागलं. डोक्यावरचं ओझं उतरलं.

माझं टेस्टचं नाव काढायचं राहिलं. उद्या, पाठवायच्या आधी.

१८ जानेवारी, शनिवार. सकाळी ११

आज ऑफिसने मुद्दाम शनिवारी कॉल लावला. विषय, माझं फॉरमॅटमध्ये गेलेलं काम. मध्येच रविराजचे चार मिस्ड कॉल. यादी तशीच्या तशी व्हॉट्सअॅपवर पाठवली. पुन्हा फोन. एका कानाला साहेब, दुसऱ्या कानाला रविराज. "आवं, तुमची एकसष्ट हायती, दगड साठाचा. कुनाचं सोडू?" मी म्हणालो, शेवटचं सोड रे, ते टेस्टचं आहे.

काम फत्ते. संकल्प पाळला, असं म्हणायला हरकत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

पाच दिवस काही लिहिलं नाही, कारण सगळं सुरळीत आहे. चहाच्या टपरीवर लोक विचारतात, काय जयराज, यादी तू केलीस म्हणे! मी ड्रायव्हर, बिट, टूल असं थोडं सांगतो. समजत नाही कुणाला, पण ऐकून घेतात.

२५ जानेवारी, शनिवार. सायंकाळी ५

दगड आला. चौकात उभा केला, वर भगवं कापड. आबा हार आणायला म्हसवडला गेलेले. रविराजने मला मानाने कापड बाजूला करून दाखवलं. काय अक्षर! साठ ओळी, सुतात धरल्यासारख्या. मी वरून खाली वाचत आलो. साठावी ओळ.

शिपाई जयराज लालासाहेब काटकर.

रविराजला विचारलं, हे काय? तो म्हणाला, तुमीच म्हनला शेवटचं सोड, एकसष्टावं सोडलं. एकसष्टावं कोण, ते त्याने फोनवर दाखवलं. शिपाई जोतीराम कोकरे.

टेस्ट साठावं होतं. काका नंतर घातले होते, सतरा तारखेला, मीच, स्पेलिंग तपासून.

म्हटलं, पुसता येईल का? तो म्हणाला, "दगडाला पुसायचं बटन नसतंय, सायेब."

तेवढ्यात मागून सुलाकाकी. नऊवारी नवीन, हातात शेवंतीची फुलं. उद्या गर्दी व्हईल, म्हणून आजच आली होती. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "कुटं हाय रं यांचं नाव? माजं बोट ठिव त्यावर."

मी सांगायला तोंड उघडलं. मग मी तिचं बोट धरलं आणि साठाव्या ओळीवर ठेवलं.

तिने अक्षरावरून बोट फिरवलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "लय लांब हाय की नाव," म्हणाली. मी म्हणालो, सरकारी पद्धत आहे. तिने फुलं ठेवली, दगडाला कपाळ टेकलं. माझ्या नावाला.

रविराज लांब जाऊन बिडी ओढत उभा राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

सायंकाळी ७

संयोगिताला सांगितलं. आधी तिला हसू फुटलं. म्हणाली, त्या दगडावर फक्त वारलेल्यांची नावं आहेत ना? मग मी कुंकू लावायचं की नाही ते एकदा सांगा. मग काकीचं बोट सांगितलं. हसणं थांबलं. उठून आत गेली आणि भांडी आपटली.

थोड्या वेळाने दारात येऊन म्हणाली, आबांना यादी नको होती. यादी त्यांच्या ट्रंकेत होती. ती तुमच्या हातून व्हायला हवी होती त्यांना. आता उठा, जाऊन सांगा.

आबा देवापुढे बसले होते. उद्याचा दिवस त्यांच्या आयुष्यातला मोठा. आज कशाला मूड घालवायचा? उद्या कार्यक्रम झाला की सांगतो.

२६ जानेवारी, रविवार

सगळी वाडी चौकात. आबांनी कापड ओढलं. टाळ्या. मग आबा दगडासमोर सावधानमध्ये उभे राहिले आणि एकेक नाव परेडच्या आवाजात वाचू लागले, प्रत्येक नावाला सॅल्यूट. सुलाकाकी पहिल्या रांगेत, वस्तीवरची सगळी माणसं घेऊन. मी मंडपाच्या खांबामागे. पळून जावं असं वाटत होतं, पाय हलत नव्हते. सोळाशे मीटरच्या वेळी हलायला हवे होते तेव्हाही असेच होते.

सत्तावन्न. अठ्ठावन्न. एकोणसाठ.

आबा साठाव्या ओळीवर थांबले. वाचलं त्यांनी. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. माईकमध्ये नुसता वारा.

मग आबांनी छाती भरून घेतली आणि वाचलं, "शिपाई जोतीराम कोकरे!" आणि सगळ्यांत कडक सॅल्यूट त्याला मारला. काकीने पदर तोंडाला लावला.

घरी येईपर्यंत आबा एक शब्द बोलले नाहीत. एसटीतल्यासारखंच. दारात येऊन चपला काढल्या आणि म्हणाले, "लेस सुटली हुती व्हय, याही टायमाला?"

लेस सुटली नव्हती. तेव्हाही नव्हती. मला दमायला झालं होतं, समोर तीन पोरं पुढे गेली होती, मी खाली बसलो आणि लेस सोडली. आबांना हे कधीपासून माहीत आहे?

२७ जानेवारी, सोमवार. सकाळी ६

आबांचा हुकूम. रविराज मशीन लावून दहा मिनिटांत ती ओळ घासून देतो म्हणाला होता. आबा म्हणाले, "मशीन न्हाय. हातानं. यानंच." रविराजने घासायची कांडी आणि बादली दिली. ‘शिपाई’ तेवढं ठेवा, म्हणाला, ते काकांच्या कामाला येतंय. फक्त नाव घासायचं. सपाट झालं की त्यावर तो काकांचं कोरणार.

दोन तास घासलं. काहीही गेलेलं नाही. चौकातून जाणारे विचारतात, काय करतोयस? मी म्हणतो, पॉलिश.

३० जानेवारी, गुरुवार

तळहाताला फोड. सुलाकाकी भाकरी घेऊन आली. "घास रं बाळा, चमकू दे माज्या मानसाचं नाव." भाकरी फडक्यात तशीच बांधून ठेवली. उद्या नक्की सांगतो.

१ फेब्रुवारी, शनिवार

शिवांजलीला मेसेज केला. तू म्हणालीस तेच होतं, बिटचं, चार मिनिटांत झालं, तुझं न ऐकल्यामुळे चौदा दिवस गेले. तिने अंगठा पाठवला. लिहिलं, होतं असं सर. मला फार काही अवघड गेलं नाही. हे चार जानेवारीला करायला काय झालं होतं?

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०

काकी आली, पायरीवर बसली. मी कांडी खाली ठेवली आणि सांगितलं. हे काकांचं नाव नाही. माझं आहे. काकांचं माझ्यामुळे राहिलं. तुझं बोट मी खोटं ठेवलं.

मला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती दगडाकडे बघत म्हणाली, "मला वाटलंच हुतं. यांचं नाव एवढं लांब न्हवतं."

मी म्हणालो, काकी, माफ कर.

"आदी घास की," ती म्हणाली. "बोलत काय बसलाईस?"

मी घासायला लागलो. ती गेली नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत पायरीवर बसून होती, मध्ये मध्ये बादलीतलं पाणी ओंजळीने दगडावर मारत होती.

सायंकाळी ७

आबा ओसरीवर. "रिपोर्ट?"

नव्वद टक्के, असं ओठावर आलं होतं.

म्हणालो, ज गेला. बाकी सगळं आहे.